निळा बोर्ड, सातबारा अन् डीएपीची चुंगडी

प्रति,
मा. महासंचालक, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, दिल्ली
आणि नागपूर सर्कलचे सगळे साहेब अन् मॅडम

नमस्कार.

मी नागपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात ऑनलाइन सेंटर चालवतो. सातबारा, आठ-अ, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, पोरांचे भरतीचे फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन, सगळं एकाच टेबलावर. सोबत साडेचार एकर वावर आहे, कापूस अन् तूर. वावराच्या वरच्या धुऱ्याला लागून एक संरक्षित जागा आहे, पुस्तकात त्याला शिलावर्तुळं म्हणतात, म्हणजे मोठ्या दगडांचे मांडलेले गोल, आमच्याकडे नुसते गोटे म्हणतात, अन् म्हातारी माणसं सांगतात का ते गवळी राजाच्या काळातले आहेत. गवळी राजा कोण होता ते कोणाला माहीत नाही पण त्याच्या गोट्याला हात लावू नये एवढं माझ्या आजीला पक्कं माहीत होतं. तिथं बोर्डही आहे, निळा. तो केंद्राचा का राज्याचा ते मी मुद्दाम लिहित नाही, कारण मला कोणा एका ऑफिसची कंप्लेंट करायची नाहीये. पण पत्र तुम्हालाच लिहितोय, कारण या कामात घरातला मोठा माणूस तुम्ही आहात, १८६१ पासून.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्रभर टिप्पर चालले. आम्हाला वाटलं पांदण रस्त्याचं काम लागलं एकदाचं, मुरूम येऊन राहिला, बरं झालं बाप्पा. सकाळी वावरात गेलो तर मुरूम येऊन नव्हता राहिला, जाऊन राहिला होता. उतारावर तीन गोल होते, एक अख्खा गेलेला अन् दुसरा पपई कापावी तसा मधातून कापलेला. मी आयुष्यभर ते गोटे वरून पाहिले होते, बसलो होतो त्याच्यावर, डबा खाल्ला होता, पण आत काय असते ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वर हातभर काळी माती, त्याच्याखाली लहान दगडांची भर, त्याच्याखाली चिकट मातीचा थर अन् त्यात मडकी, दबून चपटी झालेली, आतून अन् काठाला काळी, बाहेरून लाल. एक लोखंडाचा तुकडा, छिन्नीसारखा, गंजून फुगलेला. आमचे मोठे बाबा सोबत होते, ते काठावरच बसले. म्हणाले, "हे कोनाचं तरी मसण व्हय बे. हात नोको लावू."

पण हात लागून गेला होता. आमच्या आधी पोट्टे पोचले होते. एकाने खापराने टिप्पू खेळायला सुरुवात पण केली होती. मग जे सापडलं ते गोळा करून मी डीएपी खताच्या रिकाम्या चुंगडीत, म्हणजे पोत्यात, भरलं. नंतर मला एका शिकल्यासवरल्या माणसाने समजावून सांगितलं का हे मी चुकीचं केलं, लोखंड कोणत्या मडक्याजवळ होतं, मडकं कोणत्या थरात होतं, तीच खरी माहिती असते, चुंगडीत आलं का ते नुसतं भंगार. मान्य. पण साहेब, त्या दिवशी मी नाही उचललं असतं तर संध्याकाळपर्यंत तेही राहिलं नसतं. यात कोण बरोबर ते तुम्ही सांगा.

मग फोन. बोर्डावर कायदा लिहिलेला आहे, शिक्षा लिहिलेली आहे, फोन नंबर नाही. एका ठिकाणी लावला तर समोरचा म्हणे "गोटे चोरीला गेले म्हणून कंप्लेंट लिहू का मी?" अन् हसला. दुसरीकडे लावला तर "हे आमच्याकडे येत नाही". तिसऱ्या ठिकाणी सातबारा मागितला, सातबारा तर माझाच धंदा, दोन मिनिटात काढून पाठवला, तर म्हणे यात कुठं लिहिलंय का ही संरक्षित जागा आहे? पाहिलं तर खरंच, इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा आहे, विहिरीचा हिस्सा आहे, मोठ्या आत्याचं नाव आहे, पण अडीच-तीन हजार वर्षांपासून तिथं झोपलेल्या माणसाचं नाव नाही.

अकराव्या दिवशी एक जण आला. मोटरसायकलवर, एकटा, पाठीला बॅग, बॅगेत टेप अन् वही. माणूस चांगला होता, उन्हात चार तास मोजमाप केलं, माझ्याकडे जेवला, जाताना म्हणे का माझ्याकडे अशा कितीतरी जागा आहेत, एका टोकाला गेलो का दुसऱ्या टोकाचं रामभरोसे. त्याच्यावर माझा काहीच राग नाही. एका माणसाला शंभर किलोमीटरच्या अंतरातली वावरं राखायला दिली तर रानडुकरंही हसतील.

हे एकट्या आमच्या गावाचं रडगाणं असतं तर खुलं पत्र लिहिलं नसतं. पण आकडे तुमच्याच घरातले आहेत अन् संसदेच्या समितीने २०२२ मध्ये छापलेले आहेत. देशात तुमच्याकडे साडेतीन हजाराच्या वर स्मारकं, सुरक्षेला माणसं लागत होती ७०००, देता आली २५७८, अन् तीही २४८ ठिकाणी. म्हणजे बाकीची तीन हजारावर ठिकाणं देवाच्या अन् आमच्या मोठ्या बाबांच्या भरवशावर. २०१३ मध्ये सरकारचा हिशोब तपासणाऱ्या कॅगने सांगितलं का ९२ स्मारकं जागेवर सापडतच नाहीत. मग तुम्ही शोधाशोध केली, बरीच सापडली, तरी ५० चा हिशोब चुकलाच, त्यातले १४ शहर वाढलं त्यात गेले, १२ धरणाच्या पाण्यात, अन् २४ चा पत्ताच नाही. २०२४ मध्ये १८ नावं यादीतून काढायची प्रक्रिया झाली, त्यात दिल्लीतली बाराखंबा स्मशानभूमी पण होती. खुद्द दिल्लीतलं मसण हरवते तिथं आमच्या उतारावरच्या मसणाचं काय घेऊन बसलात.

अन् धरणाचं म्हणाल तर बुलढाण्यात पूर्णेच्या काठावरचं भोन पहा. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी खोदलं, विटांचा स्तूप निघाला, अन् ती जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात. धरण नको असं मी म्हणूच शकत नाही, तिकडच्या शेतकऱ्याला पाणी पाहिजे, मी पण शेतकरीच आहो. पण धरणाचा नकाशा आखताना त्या टेबलावर तुमचा माणूस बसलेला होता का, एवढाच प्रश्न आहे.

विदर्भात काय कमी आहे सांगा. जुनापाणी नागपूरच्या काटोल रोडवर, तीनशेच्या आसपास गोल. १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज साहेबाने ते उकरले अन् तिथलं लोखंड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिथं ते नीट नंबर टाकून ठेवलेलं आहे, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. माहुरझरीला मण्यांचा कारखाना अन् घोड्याचे तांब्याचे दागिने. नायकुंडला पेंचच्या काठी लोखंड गाळायची भट्टी. पवनीला स्तूप. मनसरला वाकाटकांच्या काळातले अवशेष. नगरधनला वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मुद्रा, म्हणजे शिक्का, निघाली, एक बाई राज्य चालवत होती इथून, पाचव्या शतकात, हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही, वीस किलोमीटरवर राहून. आडमला तर मुद्रेवर जनपदाचं, म्हणजे त्या काळच्या राज्याचं, नावच मिळालं. आडम तुमच्याच लोकांनी १९८८ ते १९९२ खोदलं, अन् जाड अहवाल यायला वीस वर्षांच्या वर लागले. तोपर्यंत ज्याच्या वावरात खोदलं त्याचा नातू एमआयडीसीत कामाला लागला असेल. गडचिरोलीतल्या मार्कंड्याच्या मुख्य मंदिराच्या रखडलेल्या दुरुस्तीचं मी काही बोलत नाही, महाशिवरात्रीच्या जत्रेत चामोर्शीच्या कोणत्याही माणसाला विचारा, तो तुम्हाला उभं राहून सांगेल.

आता माझं म्हणणं. तुम्ही आधुनिक व्हा म्हटलं का लोक ड्रोन, लेझर स्कॅनर, जमिनीच्या आत पाहणारं रडार हे सांगतात. ते पाहिजेच, नाही कोण म्हणते. पण माझ्या सेंटरवरून जेवढं दिसते त्यावरून सांगतो, तुमची पहिली गरज रडार नाही. तुमची हद्द आमच्या सातबाऱ्यात आणा. बस. बाकीचं त्याच्या मागोमाग येते.

कसं ते सांगतो. गावात २०२० नंतर स्वामित्व योजनेचा ड्रोन फिरला, चुन्याच्या रेघा मारल्या, घराघराचा नकाशा निघाला, लोकांना सनद मिळाली, ज्या भिंतीवरून दोन पिढ्या भांडण होतं तीही त्यात आली. तोच ड्रोन गावठाण सोडून दीड किलोमीटर पुढे गेला असता तर आमचे तिन्ही गोल नकाशावर असते. ई-पीक पाहणीत आम्ही दरवर्षी वावरात उभं राहून फोटो काढतो, फोन स्वतःच जागा ओळखतो, रेंज नसली तर झाडावर चढून अपलोड करणारे महाभाग पण आमच्याकडे आहेत. ज्या गावाला पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा, फोटो टाकता येते त्याला गोट्याचा फोटो टाकता येणार नाही का? महिन्यातून एकदा, त्याच कोपऱ्यातून, तोच फोटो. मागच्या महिन्यात अकरा गोटे, या महिन्यात नऊ, लगेच समजते. यासाठी वेगळं सॅटेलाइट लागत नाही. इस्रोने तुमच्यासाठी स्मारकांचे नकाशे त्यांच्या भुवन या साइटवर टाकले ते मी पाहिले आहेत, चांगलं काम आहे, पण आमचा मुरूमवाला भुवन पाहत नाही ना. तो महाखनिज या राज्य सरकारच्या साइटवर परवाना अन् वाहतुकीचा पास काढतो. तर तुमची हद्द तिथं पाहिजे. गट नंबर टाकला का लाल अक्षरात आलं पाहिजे का बाबा इथं नाही. चोरी करणारा तरी करेलच, पण जो "मला माहीतच नव्हतं" म्हणून सुटते तो तरी सुटणार नाही, अन् माझ्या अनुभवात दहातले सात तसेच सुटतात.

हद्द सांगायची म्हणजे दुसरं दुखणं निघते, तेही लिहितो, नाहीतर गावातले लोक मला म्हणतील का तू कोणाच्या बाजूने आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटर नवीन बांधकाम बंद अन् त्याच्यापुढे २०० मीटर परवानगी. ताजमहालला तोच नियम अन् उतारावरच्या गोट्यालाही तोच. मंदिर असलं तर ठीक आहे, भिंत दिसते, टेप लावला. शिलावर्तुळं पसरलेली असतात सात-आठ एकरात, कुठून मोजायचं? माझ्या सोयऱ्याच्या गावी असंच आहे. त्याला गोठा बांधायचा होता, दोन म्हशीचा, टिनाचा. परवानगी ऑनलाइन आहे म्हणे, तो आला माझ्याकडे. फॉर्म इंग्रजीत. उंची मीटरमध्ये, नकाशा आर्किटेक्टचा, स्मारकापासून अंतर. आर्किटेक्ट! म्हशीच्या गोठ्याला! अंतर मोजायला हद्दीचा दगड शोधायला गेलो तर तो दगड कोणीतरी धोबीघाटावर नेऊन टाकलेला. चार महिने कागद फिरला, मग पाऊस आला, मग त्याने गोठा बांधून टाकला, अन् आता तो त्या स्मारकाचा दुश्मन आहे. गावात कोणी गोटे उचलत असलं तर तो पाठ फिरवते. तुम्ही विचार करा, ज्याचं वावर स्मारकाला लागून आहे तो तुमचा फुकटचा चौकीदार व्हायला पाहिजे का दुश्मन? जागेप्रमाणे नियम लिहायची सोय कायद्यात आहे, उपविधी म्हणतात त्याला, तर लिहा ना आमच्याकडचे, मराठीत, एका पानात. नांगर चालेल, पोकलँड चालणार नाही. गोठा चालेल, स्लॅब चालणार नाही. बोअर करायची असली तर आधी फोन करा. अन् फोन नंबर द्या.

माणसांचं. मागच्या महिन्यात एक मुलगी फॉर्म भरायला आली, तलाठी भरतीचा. शिक्षण लिहिताना म्हणे एम.ए., प्राचीन भारतीय इतिहास, नागपूर विद्यापीठ. मी विचारलं मग इकडे कशाला, तर म्हणे काका, तिकडे जागा निघतात कधी? एका जागेला देशभरातून अर्ज. तिला मी आमचे गोटे दाखवायला नेलं. दुपारी नको म्हणाली, ऊन कलतीला लागलं का जाऊ. पाच-साडेपाचला गेलो तर तिने मोबाइलचा टॉर्च गोट्याच्या अगदी अंगालगत आडवा धरला, अन् साहेब, मी चाळीस वर्षं ज्या गोट्यावर डबा खाल्ला त्याच्यावर खळग्यांच्या ओळी उठून दिसल्या. वाटीएवढ्या, एकापाठी एक, दोन रांगा. दुपारच्या उन्हात त्या दिसतच नाहीत, सपाट वाटते. लहानपणी त्यात पावसाचं पाणी साचलं का आम्ही काड्या टाकून होड्या करायचो, वाटायचं का घिसून घिसून झालेलं असेल. मग तिने गोट्याभोवती फिरत फिरत पन्नास-साठ फोटो काढले अन् माझ्याच कॉम्प्युटरवर, जो की आधीच रडत चालतो, रात्रभर लावून ठेवला, सकाळी स्क्रीनवर पूर्ण गोटा, फिरवता येतो, खळगी मोजता येते. खर्च शून्य. लागलं काय तर एक शिकलेली पोरगी अन् एक मोबाइल. ती आता तलाठी झाली तर चांगलंच आहे, निदान इतर हक्काच्या रकान्यात काय लिहायचं ते तिला समजेल, पण तुमचं नुकसान झालं.

म्हणून म्हणतो, दिल्लीतून एका परीक्षेवर कुठलाही पोरगा कुठंही पाठवायचा हे चौकीदारीच्या कामाला बंद करा. तो येते, भाषा समजत नाही, खोली मिळत नाही, बदलीच्या मागे लागते, त्याचाही दोष नाही. स्मारकाच्या गावातला माणूस ठेवा. पगार वेळेवर द्या, कंत्राटदारामार्फत नको, कंत्राटदार अर्धा खाते हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला ओळखपत्र द्या, पंचनाम्यात सही करायचा अधिकार द्या, वर्षातून पंधरा दिवस ट्रेनिंग द्या का थर कसा ओळखायचा, उघडं पडलं तर काय करायचं, चुंगडीत काहून नाही भरायचं. अन् प्रत्येक तालुक्याला एक शिकलेला माणूस, ज्याच्याकडे गाडी असेल. मोटरसायकल नाही. गाडी.

एक धोका पण सांगतो, तुम्हाला माहीत असेलच. सगळ्या जागा अचूक नकाशासकट लोकांसाठी उघड्या नका टाकू. आमच्याकडे गुप्तधनवाले आहेत. अमावस्येला लिंबू-नारळ घेऊन गढी उकरतात, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, मातीत खड्डे करतात, कोणीतरी बाबा त्यांना सांगते का इथं हंडा आहे. नकाशा मिळाला तर बाबाचं काम सोपं होईल. तलाठ्याला दिसू द्या, खनिकर्मवाल्याला दिसू द्या, रस्ता आखणाऱ्याला दिसू द्या, बाकीच्यांना गट नंबर टाकल्यावर नुसतं हो का नाही एवढं.

आता राहिली माझी चुंगडी. मी कायदा वाचून पाहिला, १८७८ चा आहे, जमिनीत सापडलेली वस्तू दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची असली तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! आता खापराची किंमत काय धरू? भंगारवाल्याला विचारलं तर तो लोखंडाचे सहा रुपये द्यायला तयार आहे, म्हणजे कायद्याने मी सुटलो. पण मोठे बाबा रोज संध्याकाळी दुकानात येतात, खुर्चीवर बसतात, अन् टेबलाखाली पाहून विचारतात, "नेलं का रे त्याले कोनं?" त्याले म्हणतात, चुंगडीला नाही. मी म्हणतो येतील.

तर कोणाला तरी पाठवा. प्रिंटरच्या टेबलाखाली ठेवली आहे, तोंड सुतळीने बांधलं आहे, वर तारीख, गट नंबर अन् जेसीबीने कोणत्या बाजूने कापलं ते मार्करने लिहिलं आहे, त्या मुलीने शिकवलं तसं. मंगळवारी बाजार असते, त्या दिवशी दुकान बंद. बाकी कधीही या, सकाळी नऊ ते रात्री आठ, लाइन गेली असली तरी मी असतोच.

आपला,
गोट्याच्या खालच्या वावरातला एक शेतकरी, ऑनलाइन सेंटरवाला